इंग्रजी आणि चिकाटी

इंग्रजी हुशार मुलांनाच येते, असा समज आपल्या समाजात अजून आहे. आम्हाला तो मान्य नाही. बाबासाहेबांना वडील रामजी सुभेदार लहानपणी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतील धडे घोटायला लावीत. तरीही १९०७ च्या मॅट्रिक परीक्षेत त्यांना एकूण ७५० पैकी २८२ गुण मिळाले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये निघाला तो १९२३ साली. मधली सोळा वर्षे आपण विसरतो.

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत कर्त्यामागोमाग. 'अ', 'द' ही उपपदे तर मराठीत नाहीतच. म्हणून ती पदवीधरांचीही चुकतात. (बँकेत येणारे अर्ज आम्ही रोज पाहतो!) त्यात लाज कसली?

महिनाभरात इंग्रजीची हमी देणारी पुस्तके घेण्यापेक्षा खडकवासल्यातील आपल्या विद्यार्थ्यांनी वर्तमानपत्रातील पाच मराठी वाक्ये रोज इंग्रजीत करावीत. आठवड्याने तीच पुन्हा मराठीत आणून मुळाशी ताडून पाहावीत. अर्थ कुठे निसटला ते कळते. दोन-तीन महिन्यांनी प्रगती खुंटल्यासारखी वाटते आणि वही बहुधा तेव्हाच बंद पडते. अशा वेळी वहीची पहिली पाने उलटावीत. तिथल्या चुका आता आपल्या आपणच सापडू लागतात.