तीन छप्पन्न : गारगोटीची साक्ष

लेखमाला : घटिकापात्र ते अणुघड्याळ (लेखांक नववा)

किल्लारीच्या भूकंपाविषयी बोलताना आकडे बदलत राहतात. कोणी तीव्रता ६.२ सांगतो, कोणी ६.४, बळींचा आकडा कुठे आठ हजारांच्या घरात असतो, कुठे दहा हजारांच्या. बदलत नाही ती एकच गोष्ट, वेळ. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावे उशिरा झोपली होती आणि दगडमातीच्या रुंद भिंती व वरचे मातीचे जड माळवद काही सेकंदांत झोपलेल्यांवर कोसळले. त्या अंधारात, त्या धुळीत मनगटाकडे पाहायला कोणाला सवड होती? तरीही लातूर, उमरगा, सोलापूर, पुणे, हैदराबाद, कुठेही विचारा, वेळ तीच सांगतात. हे एकमत आपण गृहीत धरतो, पण शंभर वर्षांपूर्वी ते असे सहज झाले नसते. मागील लेखांकात आपण लोलकाच्या घड्याळाचा निरोप घेतला. आज त्याची जागा घेणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळाकडे वळू. माझे म्हणणे थोडक्यात असे: या घड्याळाचे आकर्षण त्याच्या स्वस्ताईत शोधतात, फार तर अचूकतेत. त्याची खरी करामत मात्र वेगळी आहे. एकमेकांना कधीही न भेटलेली हजारो घड्याळे, एकमेकांना न विचारता, एकच वेळ सांगतात. किल्लारीची तीन छप्पन्न हा त्याचा पुरावा आहे.

क्वार्ट्झ हे नाव परके वाटते, वस्तू मात्र ओळखीची आहे. ती आपली गारगोटी. मराठवाड्याच्या काळ्या रानात नांगराच्या तासात पांढरी, तुळतुळीत गारगोटी हमखास सापडते. लाव्हा थिजताना खडकात राहिलेल्या पोकळ्या पुढे सिलिकाने भरल्या, त्याचे हे दान. १८८० साली जाक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवले, की अशा स्फटिकावर दाब दिला की त्याच्या पृष्ठभागांवर विद्युतभार उमटतो. पुढच्याच वर्षी उलटही सिद्ध झाले: वीज दिली की स्फटिक किंचित वाकतो. म्हणजे विजेने त्याला कंप पावायला लावता येते आणि त्याचा कंप विजेने मोजताही येतो. मनगटी घड्याळ उघडले तर आत तांदळाच्या दाण्याएवढी धातूची डबी दिसते. तिच्यात चिमट्याच्या आकाराचा स्फटिकाचा तुकडा असतो. तो रानातला नसतो, कारण नैसर्गिक स्फटिकात दोष फार. तो उच्च दाबाच्या भट्टीत वाढवलेला असतो. हा चिमटा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आकडा विचित्र वाटतो, पण त्याला पंधरा वेळा निम्मे करत जा, शेवटी नेमका एक उरतो. घड्याळातला चिमुकला इलेक्ट्रॉनिक भाग एवढेच करतो: निम्मे, पुन्हा निम्मे, पुन्हा निम्मे. पंधराव्या पायरीला सेकंदाला एक ठोका मिळतो, त्यावर छोटी मोटर एक पाऊल सरकते आणि सेकंदकाटा उडी मारतो. ज्या टकटकीला लोक यंत्राची टकटक समजतात ती खरे तर ३२,७६८ कंपनांची गोळाबेरीज असते.

आता भूकंपमापक कसा चालतो ते पाहा, म्हणजे किल्लारीशी या चिमट्याचे नाते कळेल. भूकंपमापक मुळात लोलकच आहे. जमीन हलते, टांगलेले वजन जडत्वामुळे मागे राहते आणि त्या दोघांतला फरक नोंदला जातो. पण नुसता फरक नोंदून भागत नाही, तो नेमका कधी पडला हेही लिहावे लागते. म्हणजे एकाच यंत्रात दोन परस्परविरोधी गुण हवेत: एक भाग असा, की जो जमिनीच्या हालचालीला ताबडतोब दाद देईल, आणि दुसरा असा, की जो तिला मुळीच दाद देणार नाही. लोलकाचे घड्याळ या दुसऱ्या कामात नापास होते. भूकंपाचे हादरे सेकंदाला एखाद्यापासून पाचदहा वेळांच्या टापूत असतात आणि लोलकाचा झोकाही साधारण तिथलाच, त्यामुळे लोलक गोंधळतो, थांबतो. चावीच्या मनगटी घड्याळातल्या तोलचक्रालाही, सेकंदाला पाच ठोके देत असल्याने, धक्का जाणवतो. स्फटिक थरथरतो तो त्याहून हजारो पटींनी जलद. दंगा करणाऱ्या पोरांच्या पावलांनी जात्याची पाळी हलेल, पण भ्रमराच्या पंखांची गुणगुण थोडीच बदलेल! जमीन हलत असतानाही न हलता वेळ मोजत राहणे, हे काम माणसाला प्रथम इतक्या सोपेपणाने जमले ते गारगोटीमुळे.

आणि हे काम किती नाजूक आहे, याचा हिशेब कोणालाही करता येईल. भूकंपाच्या पहिल्या लहरी खडकातून सेकंदाला साधारण सहा किलोमीटर वेगाने धावतात. किल्लारीपासून हैदराबाद सरळ रेषेत सुमारे २१० किलोमीटर, म्हणजे तिथे त्या ३५ सेकंदांच्या आसपास पोचणार. पुणे सुमारे ३०० किलोमीटर, म्हणजे ५० सेकंद. दोन्ही शहरांत भूकंपमापन केंद्रे आहेत. अशा अनेक केंद्रांच्या पोचवेळा जुळवूनच भूकंपाचे ठिकाण आणि त्याचा क्षण मागे मोजत काढतात. आता समजा, पुण्याचे घड्याळ फक्त पाच सेकंद पुढे आहे. लहर उशिरा आल्यासारखी दिसेल आणि या दोन केंद्रांच्या हिशेबात भूकंपाचे ठिकाण सुमारे पंधरा किलोमीटर हैदराबादच्या दिशेने सरकेल. एवढ्या चुकीने, भूकंप लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीखाली झाला की तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या सास्तूरखाली, हेही सांगता येणार नाही. जाणता वाचक म्हणेल, की एकाच केंद्रावर पहिल्या आणि दुसऱ्या लहरींतला वेळेचा फरक मोजूनही भूकंप किती दूर झाला ते कळते, त्याला घड्याळांची जुळणी लागत नाही. खरे आहे. पण त्यातून फक्त अंतर मिळते. ठिकाण, खोली आणि मूळ क्षण हवा असेल तर अनेक केंद्रांनी एकच वेळ बोलावी लागते. आपल्याकडे म्हण आहे, पाचामुखी परमेश्वर. भूकंपशास्त्रात ती अक्षरशः खरी आहे, अट एवढीच, की पाचही मुखांनी आधी आपापसांत ठरवून बोलता कामा नये.

हे एकमत एका रात्रीत आले नाही. पहिले क्वार्ट्झ घड्याळ १९२७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन आणि जे. डब्ल्यू. हॉर्टन यांनी बनवले. ते कपाटाएवढे होते, त्यामुळे पुढची तीसचाळीस वर्षे गारगोटीची वेळ वेधशाळांच्या आणि रेडिओ केंद्रांच्या भिंतींआडच राहिली. १९६०च्या दशकात जगभर एकाच धर्तीची भूकंपमापन केंद्रे उभारली गेली. त्यांच्यात स्फटिकावर चालणारी घड्याळे होती आणि पुण्याचे केंद्र त्या जाळ्यात होते. ११ डिसेंबर १९६७ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेची जमीन हादरली तेव्हा ही व्यवस्था उभी राहिलेली होती. कोयनानगरात किंवा किल्लारीत मात्र तेव्हा जे काही घड्याळ असेल ते चावीचे. म्हणजे शास्त्रज्ञाची वेळ आणि गावकऱ्याची वेळ यांत दोनचार मिनिटांची दरी असायचीच. ती दरी बुजवणारी वस्तू दोनच वर्षांनी, २५ डिसेंबर १९६९ रोजी, टोकियोत विक्रीला आली: सेको कंपनीचे अ‍ॅस्ट्रॉन. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे श्रीमंताचीच चैन. पण चूक महिन्याला पाच सेकंदांच्या आत. चांगले चावीचे घड्याळ एवढी चूक एका दिवसात करत असे.

आपल्याकडची गोष्ट त्यानंतर पंधरा वर्षांनी रंगली. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला सुरू झालेल्या एचएमटीच्या घड्याळ कारखान्याने देशाच्या मनगटाला घड्याळ दिले. ते लग्नात जावयाच्या हातात चढले, शिक्षकाच्या निवृत्तीला भेट म्हणून आले. त्याला रोज चावी द्यायची आणि आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या ‘पीप पीप’वर ते लावून घ्यायचे, हा नित्यनेम. त्या नेमाकडे प्रेमाने पाहताना एक गोष्ट विसरायला होते: घड्याळ रोज लावावे लागते, कारण ते रोज चुकते. गावात दहा घड्याळे असली तर दहा वेळा असत आणि खरी वेळ कोणती हे ठरवायला रेडिओ, शाळेची घंटा किंवा एसटीची गाडी लागे. १९८४ साली टाटा समूह आणि तमिळनाडूचे औद्योगिक विकास महामंडळ यांनी मिळून टायटन काढली आणि होसूरच्या कारखान्यातून क्वार्ट्झ घड्याळांवरच भर दिला. भिंतीवरची बाजू गुजरातेतल्या मोरबीने सांभाळली. ओधवजी पटेल यांची अजंता आणि तिच्या मागोमाग आलेले उद्योग यांनी एका पेन्सिल सेलवर वर्षभर चालणारे प्लॅस्टिकचे घड्याळ दुकानात, बँकेत, ग्रामपंचायतीत, देवघराशेजारी नेऊन लावले. वेळ विचारायची गोष्ट होती, ती पाहायची झाली.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. सेकंदाचा एवढा हिशेब शेतकऱ्याला कशाला? आणि त्या हिशेबाने किल्लारीत कोणाचा जीव वाचला? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ द्यायला हवे: कोणाचाही नाही. भूकंप अमुक दिवशी होणार हे घड्याळ सांगत नाही, दुसरे कुठले यंत्रही सांगत नाही. पण त्याच अनुभवात पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. ऑगस्ट १९९२पासून किल्लारी परिसराला धक्के बसत होते, ऑक्टोबरात एक जोराचाही बसला. लोकांना ते जाणवत होते, पण त्यांच्या आसपास भूकंपमापकांचे स्थानिक जाळे नव्हते. दूरच्या केंद्रांना लहानसहान धक्क्यांची जागा आणि खोली काटेकोर सांगता येत नाही. मोठ्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने आणि इतरांनी तिथे फिरते भूकंपमापक लावले. तेव्हा उत्तरधक्क्यांची जागा किलोमीटर-दोन किलोमीटरच्या नेमकेपणाने कळू लागली, कारण आता अंतरे लहान होती आणि घड्याळे सेकंदाच्या शतांशात जुळलेली. पुढे त्या जागी ६१७ मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा काळ्या खडकाचा थर ३३८ मीटरांवर संपून खाली प्राचीन खडक लागला. कुठे खणायचे हे ठरवतानाही आधी ‘कुठे हलले’ हे कळावे लागते आणि ‘कुठे’ हा प्रश्न भूकंपात नेहमी ‘किती वाजता’ या प्रश्नातून सुटतो. शेतकऱ्याच्या मनगटावर सेकंद नसला तरी चालेल. त्याच्या जमिनीखाली काय चालले आहे हे पाहणाऱ्याच्या घड्याळात तो असावाच लागतो.

दुसरा आक्षेप रसिकांचा आणि कारागिरांचा. क्वार्ट्झमध्ये जीव नाही, म्हणतात. चावीचे घड्याळ उघडले की तोलचक्र श्वास घेतल्यासारखे हलताना दिसते. इथे एक पट्टी आणि एक डबी. शिवाय क्वार्ट्झने हुन्नर मारला. यातला दुसरा भाग नाकारता येत नाही. स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगात १९७०च्या सुमारास नव्वद हजारांच्या आसपास लोक काम करत, पुढच्या पंधरा वर्षांत ते तीसेक हजारांवर आले. स्वॉचने १९८३ साली अवघ्या ५१ भागांचे क्वार्ट्झ घड्याळ काढून त्या देशाला सावरले, पण ते दुरुस्त करायचे घड्याळच नव्हते. आपल्याकडे एचएमटीचा घड्याळ उद्योग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या दुरुस्तीवाल्यांपैकी बहुतेकांच्या हाती सेल आणि पट्टे बदलण्याचे काम उरले. हे नुकसान खरे आहे, ते भावनिकही नाही, आर्थिक आहे. पण पहिला भाग, जीव नसण्याचा, मला पटत नाही. तोलचक्राची कला डोळ्याला दिसते म्हणून ती कला आणि स्फटिकाची दिसत नाही म्हणून ती नाही, हा न्याय बरोबर नाही. दगडाचा एक तुकडा नेमक्या कोनात, नेमक्या जाडीचा कापून त्याच्याकडून ठरलेली कंपने घेणे हेही हुन्नरच आहे. फरक इतका, की तो कारागिराच्या हातून कारखान्यात गेला आणि म्हणून शेतमजुराला परवडला. ज्या कलेचा लाभ मोजक्यांनाच होतो ती जास्त जिवंत, असे मानायचे असेल तर प्रश्नच मिटला.

तिसरा आक्षेप आजचा: मोबाइल असताना घड्याळ हवे कशाला? याला उत्तर मोबाइलच्या आतच आहे. तिथेही स्फटिकच बसलेला आहे, नेटवर्ककडून मिळालेली वेळ पुढच्या खेपेपर्यंत तोच सांभाळतो. आजचे भूकंपमापक उपग्रहांकडून वेळ घेतात, पण दोन संदेशांच्या मधला काळ स्फटिकच मोजतो. तेव्हा क्वार्ट्झ मनगटावरून उतरले असेल, कामावरून नाही. मात्र त्याची मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर हा लेख स्तुतिस्तोत्र होईल. घड्याळातला चिमटा साधारण २५ अंश तापमानाला जुळवलेला असतो. त्याहून गरम झाले तरी तो मागे पडतो, गार झाले तरी मागेच. मराठवाड्यात मे महिन्यात भिंत ४२ अंशांवर राहिली तर तिच्यावरचे घड्याळ दिवसाला सुमारे पाऊण सेकंद हरवते. मनगटावरचे मात्र अंगाच्या बऱ्यापैकी स्थिर उबेत राहते, म्हणून अंगावर वापरलेले घड्याळ भिंतीवरच्यापेक्षा इमानी निघते. शिवाय स्फटिक वर्षागणिक जुना होतो, त्याचा सूर किंचित बदलतो. गारगोट्यांचे एकमत हे असे सतत थोडे थोडे सुटणारे एकमत आहे. कोणीतरी ते पुन्हा बांधून द्यावे लागते आणि ते बांधणारे घड्याळ गारगोटीचे असून चालत नाही. भारतात ते काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील अणुघड्याळे करतात. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे जाऊ.