पाचातल्या तीन

२ ऑगस्ट १९७१. अपोलो १५ मोहिमेचा कमांडर डेव्हिड स्कॉट चंद्रावर उभा आहे. उजव्या हातात हातोडा, डाव्या हातात ससाण्याचं पीस, समोर टीव्हीचा कॅमेरा. तो दोन्ही एकदम सोडून देतो आणि दोन्ही एकदमच चंद्राच्या धुळीत पडतात.

हाच प्रसंग आता परीक्षेतल्या गणितासारखा मांडू. ‘चंद्रावर १.६ मीटर उंचीवरून १.३२ किलोचा हातोडा सोडला. तो किती वेळात खाली पडेल?’ आकडे दोनच दिलेत, आणि गंमत म्हणजे त्यातला एक निरुपयोगी! त्वरण एकसमान असेल तर हिशेबात पाचच राशी येतात: सुरुवातीचा वेग, अंतिम वेग, त्वरण, विस्थापन आणि काल. वस्तुमानाला तिथे जागाच नाही. चंद्रावर अडवायला हवाही नाही, म्हणून तर पीस मागे पडलं नाही.

पाचातल्या तीन राशी कळल्या की उरलेल्या दोन काढता येतात. आपल्याला उघड दिसते एकच, १.६ मीटर. बाकीच्या दोन लपल्यात, पण त्याच वाक्यात. हातोडा ‘सोडला’, फेकला नाही. म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. आणि ‘चंद्रावर’ म्हणजे त्वरण १.६२ मीटर प्रति सेकंद वर्ग. झाल्या तीन. उत्तर येतं १.४ सेकंद. पृथ्वीवर तेवढ्याच उंचीवरून हातोडा ०.५७ सेकंदातच खाली आला असता.

इथे बरेच जण एक चौथी राशीही ‘ओळखतात’: हातोडा खाली पडून थांबला, म्हणून अंतिम वेग शून्य. करून बघा. सुरुवातीला शून्य, शेवटी शून्य, मधे त्वरण १.६२; तर काल येतो शून्य. हातोडा सुटताक्षणीच पोचला! आपलं गणित जमिनीला टेकण्याच्या आदल्या क्षणीच संपतं, आणि त्या क्षणी वेग असतो सेकंदाला सुमारे २.३ मीटर. त्याला थांबवते ती जमीन, आणि तेव्हाचं त्वरण अगदीच निराळं.

मला खरं थक्क करतं ते याच्या उलटं गणित. त्वरण माहीत नाही असं समजा. उंचीचा अंदाज घ्या, चित्रफीत लावून पडण्याचा वेळ मोजा; सुरुवातीचा वेग शून्य आहेच. पुन्हा तीन राशी हातात. उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग, की घरबसल्या चंद्राचं गुरुत्व त्वरण मिळतं. फक्त घड्याळावर बोट जपून दाबा. वेळेचा वर्ग होत असल्यामुळे १.४ ऐवजी १.३ सेकंद मोजले, तर १.६ च्या जागी जवळजवळ १.९ येतं.