क्लीव्हलँडचे एकशे चौतीस पराभव

क्लीव्हलँड शहरातल्या लीग पार्क मैदानावर १८९९ च्या हंगामात बेसबॉलचे ४२ सामने झाले. या सगळ्या सामन्यांना मिळून प्रेक्षक आले ६,०८८. सामन्यामागे सरासरी १४५ माणसं. शहराची लोकसंख्या त्या वेळी पावणेचार लाखांच्या पुढे गेली होती. एरी सरोवराच्या काठी पोलादाचे कारखाने धडधडत होते, रॉकफेलरची स्टँडर्ड ऑइल कंपनी याच शहरात उभी राहिली होती आणि बेसबॉलचं वेड तर इथे पिढीभराचं होतं. चारच वर्षांपूर्वी, १८९५ मध्ये, याच शहराच्या 'स्पायडर्स' संघानं बलाढ्य बाल्टिमोरला हरवून टेम्पल चषक जिंकला होता. त्याच संघानं १८९९ मध्ये १५४ सामने खेळले. त्यांतले २० जिंकले आणि १३४ हरले. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये त्याआधी किंवा त्यानंतर कुठलाही संघ एका हंगामात इतके सामने हरलेला नाही.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या वाचकाला या आकड्यातली भीषणता चटकन जाणवणार नाही. बेसबॉल जवळजवळ रोज खेळला जातो. आजच्या हंगामात प्रत्येक संघाच्या वाट्याला १६२ सामने येतात. त्यांतले साठेक सामने उत्तम संघही हरतो आणि साठेक सामने रद्दड संघही बहुधा जिंकतो. पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, हात एखाद्या दिवशी चालला, चेंडू दोन बोटं इकडेतिकडे गेला, की निकाल फिरतो. या खेळात नशिबाचा वाटा मोठा असतो आणि दुबळ्यालाही तो मिळतोच. असं असताना शंभरातले तेराच सामने जिंकायचे, म्हणजे नुसतं वाईट खेळून भागत नाही. त्यासाठी कुणीतरी तो संघ आतून पोखरून ठेवलेला असावा लागतो.

स्पायडर्स पोखरला तो त्याच्याच मालकांनी. फ्रँक आणि स्टॅन्ली रॉबिसन हे दोघे भाऊ. फ्रँकचा मूळ धंदा ट्रामचा. लीग पार्कची जागा त्यानं निवडली तीही अशी, की मैदानावर जायचं तर त्याच्याच ट्राममधून जावं. तिकिटाचे पैसेही त्याला आणि भाड्याचेही. १८९१ मध्ये हे मैदान सुरू झालं आणि पहिल्या सामन्यात पिचर होता साय यंग. पुढे कारकिर्दीत ५११ विजय नोंदवून गेलेला हा माणूस. त्या आकड्याच्या आसपासही आजवर कुणी फिरकलेलं नाही.

संघ चांगला होता, पण गर्दी मालकांच्या मनासारखी होत नव्हती. याचं एक कारण रविवार. कामगाराला आठवड्यात सुट्टी एकच आणि क्लीव्हलँडमध्ये नेमक्या त्याच दिवशी सामने खेळायला कायद्यानं मनाई होती. १८९७ च्या मे महिन्यात रॉबिसननं रविवारचा सामना लावून पाहिला, तर पहिल्याच डावानंतर पोलिसांनी खेळाडूंना अटक केली. तेव्हापासून शहराबद्दल फ्रँकच्या मनात अढी बसली ती बसलीच. १८९८ मध्ये संघ पाचवा आला, तरी त्याचे बरेचसे घरचे सामने मालकांनी परगावी नेऊन खेळवले.

त्याच सुमारास सेंट लुईसचा संघ डबघाईला आला होता. ख्रिस फॉन डेर आह हा त्याचा मालक बिअरच्या गुत्त्यावर पैसा कमावलेला. १८९८ मध्ये त्याच्या मैदानाच्या प्रेक्षागाराला आग लागली, मागोमाग कोर्टकज्जे आले, संघ १११ सामने हरला आणि शेवटी सगळ्याचा लिलाव झाला. १८९९ च्या वसंतात तो संघ रॉबिसन बंधूंच्या हाती आला. सेंट लुईस क्लीव्हलँडपेक्षा मोठं शहर, वर तिथे रविवारी सामने खेळायला मोकळीक. क्लीव्हलँडचा संघ मात्र त्यांनी विकला नाही. दोन्ही संघ स्वतःकडेच ठेवले. त्या काळी नियमात असं काही नव्हतं की एका मालकाचे एकाच स्पर्धेत दोन संघ नसावेत.

मग अदलाबदल झाली. साय यंग, जेसी बर्केट आणि बॉबी वॉलेस सेंट लुईसला गेले. या तिघांचीही नावं आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत. त्यांच्याबरोबर कर्णधार-व्यवस्थापक पॅट्सी टेबो गेला, क्युपिड चाइल्ड्स गेला, जवळपास सगळा कसलेला संघच गेला. नव्या संघाचं नाव ठेवलं 'परफेक्टोज'. सेंट लुईसच्या पडेल संघातले उरलेसुरले खेळाडू क्लीव्हलँडला धाडण्यात आले. हंगामाचा पहिला सामना १५ एप्रिलला सेंट लुईसमध्ये या दोघांतच लावलेला होता. पिचर साय यंग. निकाल १०-१. क्लीव्हलँडच्या माणसानं दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचलं ते असं, की आपल्याच खेळाडूंनी आपल्या नावाच्या संघाला धुतलं.

क्लीव्हलँडकरांनी घरचा पहिला सामना होण्याआधीच तोंड फिरवलं, यात नवल कसलं? मालकानं आपल्या शहराची किंमत काय केली हे त्यांना कळलं होतं. ते संघावर रुसले असं म्हणणं मला पटत नाही. आपल्याला फसवलं गेलंय हे ओळखून त्यांनी आपला पैसा आणि आपली दुपार स्वतःकडे ठेवली, एवढंच.

पुढचं चक्र आपोआप फिरत गेलं. गल्ल्यातला ठरावीक वाटा पाहुण्या संघाला मिळायचा. शंभर-दीडशे प्रेक्षकांच्या गल्ल्यातून पाहुण्यांच्या हॉटेलचा खर्चही निघेना, तेव्हा इतर संघ क्लीव्हलँडला यायला कां-कूं करू लागले. मग स्पायडर्सनाच त्यांच्या गावी पाठवायचं ठरलं. शेवटच्या ९३ सामन्यांपैकी ८५ परगावी झाले. अख्ख्या हंगामात घरी ४२ आणि बाहेर ११२. उन्हाळाभर हा संघ आगगाडीच्या डब्यात आणि परक्या शहरांतल्या हॉटेलांत राहिला. वार्ताहर त्यांना 'भटके' आणि 'हद्दपार' म्हणू लागले. परगावच्या ११२ सामन्यांपैकी १०१ ते हरले. हा उच्चांक मोडणं आता शक्यच नाही, कारण आजच्या वेळापत्रकात परगावचे सामनेच ८१ असतात.

सुरुवातीला संघाची धुरा लेव्ह क्रॉसकडे होती. तो तिसऱ्या बेसवरचा उत्तम क्षेत्ररक्षक. त्याच्या हाताखाली संघानं ३८ पैकी ८ सामने जिंकले. पुढच्या मानानं ही चंगळच म्हणायची. पण क्रॉस चांगला खेळतोय हे मालकांच्या लक्षात आलं आणि जूनमध्ये त्यालाही सेंट लुईसला उचलून नेलं. म्हणजे क्लीव्हलँडमध्ये जो चमकेल त्याला बक्षीस हेच, की त्यानं क्लीव्हलँड सोडावं. क्रॉसनंतर जबाबदारी आली जो क्विनवर. क्विन ऑस्ट्रेलियात जन्मलेला. मेजर लीगमध्ये खेळलेला तो पहिला ऑस्ट्रेलियन, आणि त्याच्यानंतरचा दुसरा यायला १९८६ साल उजाडावं लागलं. हंगाम संपला की सेंट लुईसमध्ये अंत्यविधीचं सामान आणि व्यवस्था पाहण्याचा त्याचा व्यवसाय होता. शांत, सभ्य माणूस. त्याच्या कारकिर्दीत संघ १२ सामने जिंकला आणि १०४ हरला. स्वतः तो मात्र शेवटपर्यंत दुसऱ्या बेसवर नेटानं उभा राहिला आणि बॅटनंही बरा खेळला.

पिचर जिम ह्यूई याच्याबद्दल मला विशेष आदर वाटतो. ४ विजय, ३० पराभव. एका हंगामात तीस सामने हरलेला तो मेजर लीगमधला शेवटचा पिचर. १९०५ मध्ये बॉस्टनच्या व्हिक विलिसचे २९ झाले, पण तिशी पुन्हा कुणी गाठली नाही. पिचरच्या नावावर तीस पराभव लागायचे तर आधी त्याच्या हाती तीसहून जास्त वेळा चेंडू द्यावा लागतो आणि त्यानं तो घ्यावा लागतो. ह्यूई पुन्हा पुन्हा उभा राहत होता आणि बहुतेक सामने पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत एकटा टाकत होता. वर्षभरात संघानं ५२९ धावा केल्या आणि १,२५२ दिल्या. सामन्यामागे आठ. त्या आठांत पाठीमागच्या क्षेत्ररक्षकांच्या चुका किती, याचा हिशेब पराभवाच्या रकान्यात येत नाही.

ऑगस्टअखेर सलग २४ पराभवांची माळ सुरू झाली. मग एक विजय, आणि पुन्हा सलग १६ पराभव. शेवटच्या ४१ सामन्यांत ४० हरले. सबंध हंगामात लागोपाठ दोन सामने जिंकण्याचा योग एकदाच आला.

१५ ऑक्टोबरला सिनसिनाटीत लागोपाठ दोन सामने खेळून हंगाम संपायचा होता. पहिला हरला. दुसऱ्यासाठी क्विननं चेंडू दिला एडी कोल्ब नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या हाती. कोल्ब हॉटेलातल्या सिगारच्या काउंटरवर काम करायचा आणि हौशी संघात पिचिंग करायचा. हा प्रसंग नेहमी गमतीचा म्हणून सांगितला जातो. मला त्यात गंमत दिसत नाही. त्या पोरानं आठ डाव टाकले, १९ धावा दिल्या, एका फलंदाजाला स्ट्राइकआउट करून परतही पाठवलं, आणि बॅट हातात आल्यावर एक हिटही मारली. सामना १९-३ असा गेला. मेजर लीगमध्ये कोल्ब त्यानंतर पुन्हा कधी दिसला नाही. पहिल्या क्रमांकाच्या ब्रुकलिनपेक्षा स्पायडर्स ८४ सामन्यांनी मागे होते आणि खालून दुसऱ्या आलेल्या वॉशिंग्टनपेक्षाही ३५ सामन्यांनी.

त्याच वर्षी बाल्टिमोरवरही हाच प्रसंग ओढवला होता. तिथल्या मालकांचा ब्रुकलिनमध्येही हिस्सा होता. त्यांनी आपले बिनीचे खेळाडू आणि व्यवस्थापक नेड हॅनलन तिकडे नेले, आणि ब्रुकलिन विजेता ठरला. पण जॉन मॅग्रॉ आणि विल्बर्ट रॉबिन्सन यांनी बाल्टिमोर सोडायला नकार दिला. या दोघांनी उरलेल्यांना घेऊन संघ चौथ्या क्रमांकावर नेला. क्लीव्हलँडमध्ये अडून बसणारं कुणी उरलं नव्हतं, आणि जो उरेल त्याला उचलायला रॉबिसन बंधू टपलेलेच होते.

आणि एवढं करून त्यांनी मिळवलं काय? परफेक्टोजना प्रेक्षक भरपूर मिळाले, पण संघ पाचवा आला. म्हणजे आदल्या वर्षी क्लीव्हलँडमध्ये होता तिथेच. पुढच्या वर्षी लीगनं बारा संघांचे आठ केले. वगळलेल्या चारांत क्लीव्हलँड होतं आणि बाल्टिमोरही. परफेक्टोजचे 'कार्डिनल्स' झाले, आणि त्यांना लीगचं विजेतेपद पहिल्यांदा मिळालं ते १९२६ मध्ये. क्लीव्हलँडला १९०१ मध्ये नव्या अमेरिकन लीगमधून नवा संघ मिळाला. त्या संघानं १९२० मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली. एकाच मालकाचे दोन संघ असणं आज नियमात बसत नाही.

पराभवामुळे प्रेक्षक पांगतात, असं मालक मंडळी कायम सांगत आली आहेत. पण १९६२ चा न्यूयॉर्क मेट्स संघ घ्या. पहिलंच वर्ष, इतर संघांनी नको म्हणून सोडलेले खेळाडू, आणि हाताशी केसी स्टेंगेल हा सत्तरी ओलांडलेला व्यवस्थापक. १६० पैकी १२० सामने हरले, तरी जुनाट पोलो ग्राउंड्सवर वर्षभरात नऊ लाखांवर माणसं आली. न्यूयॉर्कचे डॉजर्स आणि जायंट्स हे दोन्ही संघ १९५७ नंतर कॅलिफोर्नियाला निघून गेले होते, आणि हा पडका का असेना, पण आपल्यासाठी उभा केलेला संघ होता. सातच वर्षांनी मेट्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली. माणसं हरणाऱ्याला सोडत नाहीत. हरणं मालकानंच ठरवून ठेवलंय असं दिसलं, की मात्र ती उठून जातात.

२०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स संघानं १२१ सामने हरून आधुनिक काळातला पराभवांचा विक्रम केला. मध्ये सलग २१ हरले. जितकं खाली जाल तितकी नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिली संधी, हे आमिष पूर्वी होतं. आता त्याला सोडत आणि अटी लागू आहेत. त्यामुळे १२१ पराभवांनंतरही पुढच्या निवडीत व्हाइट सॉक्सच्या वाट्याला दहावी पाळी आली. नियमाचा हा बदल मला रास्त वाटतो. पण त्यानं मालकाचा हात धरला जात नाही.

हे ओकलंडला पाहायला मिळालं. जॉन फिशर यांच्या मालकीच्या ॲथलेटिक्स संघानं चांगले खेळाडू एकामागून एक दुसऱ्यांना देऊन टाकले, २०२३ मध्ये ११२ सामने हरले, आणि मग प्रेक्षक येत नाहीत म्हणून संघ लास व्हेगासला न्यायचा घाट घातला. तेव्हा चाहत्यांनी उलटा बहिष्कार पुकारला. १३ जून २०२३ ला ठरवून २७,७५९ माणसं कोलिझियमवर जमली आणि 'विका' असं लिहिलेले हिरवे सदरे घालून रात्रभर ओरडत राहिली. संघ त्या रात्री जिंकला. फिशर यांनी संघ विकला नाही, आणि २०२४ च्या हंगामानंतर ओकलंडमधून मेजर लीग बेसबॉल गेलं.