दोन धारांमधला मारुती

बेट म्हटलं की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढं मालवणचा सिंधुदुर्ग नाहीतर मुरूडचा जंजिरा उभा राहतो. सातारा-सांगलीकरांनी त्यासाठी घाट उतरून कोकणात जायचं, हे ठरलेलंच. पण वाळवा तालुक्यात, भर ऊसपट्ट्यात, कृष्णेच्या पात्रातही एक बेट आहे. तिथं समुद्र नाही, तट-बुरूज नाहीत. काळा कातळ आहे, त्यावर राममंदिर आहे, मारुती आहे आणि दोन्ही अंगांनी वाहणारी नदी आहे. हे बहेचं रामलिंग बेट. इस्लामपूरपासून, म्हणजे आताच्या ईश्वरपूरपासून, अगदी हाकेच्या अंतरावर. तरीही आपल्याच दोन जिल्ह्यांतल्या कितीतरी लोकांनी ते पाहिलेलं नाही, आणि ज्यांनी पाहिलंय त्यांतल्या बहुतेकांनी घाईत पाहिलंय.

बेटाची कथा अशी. रावणाचा वध करून परतताना श्रीराम इथं कृष्णेत स्नानाला उतरले आणि शिवलिंग मांडून पूजेला बसले. तेवढ्यात नदीला लोंढा आला. राम ध्यानात, सीतामाई शेजारी, आणि पाणी चढत चाललेलं. मारुतीनं दोन्ही बाहू पसरले आणि लोंढा अडवला. नदीला वाट मिळेना, तेव्हा ती दुभंगली आणि दोन बाजूंनी निघून गेली. मधे उरलं ते बेट. गावाचं नावही त्या बाहूंवरून पडलं असं सांगतात. रामानं पूजलेलं म्हणून ते रामलिंग.

पुढं समर्थ रामदास इथं आले. राम आहे, लिंग आहे, पण ज्यानं हे सगळं राखलं तो मारुती कुठं दिसेना. त्यांनी डोहात उडी घेतली आणि मूर्ती वर काढली, अशी परंपरा आहे. चाफळच्या रामाचीही कथा अशीच आहे. तो समर्थांना अंगापूरच्या डोहात मिळाला. अंगापूर सातारा तालुक्यात, बहे पार खाली वाळव्यात. एकाच नदीनं वरच्या अंगाला राम दिला आणि खालच्या अंगाला मारुती, ही गोष्ट मला दोन जिल्ह्यांना बांधणारी वाटते. तसे हे दोन जिल्हे वेगळे झाले ते अलीकडेच. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. समर्थांच्या खुणा शोधायच्या तर ही हद्द विसरूनच हिंडावं लागतं.

समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी हा एक. बहेच्या मारुतीची स्थापना शके १५७३ ची मानतात. शहापूरचा पहिला मारुती शके १५६६ चा, शिराळ्याचा शेवटचा शके १५७६ चा. शहापूर, मसूर, उंब्रज, चाफळचे दोन, शिंगणवाडी, माजगाव हे सातारा जिल्ह्यातले. बहे आणि शिराळा सांगलीतले. मनपाडळे आणि पारगाव कोल्हापुरातले. मिरजेच्या वेणाबाईंच्या नावावर असलेल्या अभंगात हे अकराही मारुती गुंफलेले आहेत. समर्थांच्या या शिष्येचा मठ आजही मिरजेत आहे.

मूर्ती मात्र नीट निरखून पाहावी. इतर ठिकाणचा मारुती कुठं हात जोडून रामापुढं उभा आहे, कुठं हात उगारून शत्रूपुढं. इथला वेगळा आहे. त्याचे दोन्ही हात बाजूंना आहेत, जणू मागं कोणीतरी बसलंय आणि त्याच्यापर्यंत काही पोचू द्यायचं नाही. शेंदूर आणि हार-फुलांच्या गर्दीत हे पटकन ध्यानात येत नाही. पुजाऱ्यांना विचारून, गर्दी सरल्यावर, क्षणभर बाजूला उभं राहून पाहिलं की त्या हातांचा अर्थ लागतो.

त्यानंतर देवळातून बाहेर पडून, घाट धरून वरच्या अंगाला जावं. म्हणजे ज्या दिशेनं पाणी येतं तिकडं. बहुतेक जण तिकडं फिरकत नाहीत. अकरा मारुतींची एका दिवसाची सहल आता फार लोकप्रिय झालीय. पहाटे निघायचं, अकरा ठिकाणी नारळ फोडायचा, रात्री घरी. श्रद्धेनं केलेल्या यात्रेला नावं ठेवण्याचा हक्क कुणालाच नाही. पण या धावपळीत बहेच्या वाट्याला पाव तास येतो आणि या पाव तासात नदी राहून जाते. बहेचा मारुती नदीवाचून अर्धाच कळतो. वरच्या टोकाला उभं राहिलं की सगळं पात्र अंगावर येतं. पाणी कातळाला भिडतं, तिथं पांढरा फेस धरतं, थोडं अडतं, घुटमळतं आणि मग डावं-उजवं होऊन निघून जातं. कठीण दगड वाहून जात नाही, म्हणून नदीला बगल द्यावी लागते, हे त्याचं साधं कारण. ते ठाऊक असूनही कथा खोटी वाटत नाही. ज्या कुणी ती प्रथम सांगितली, त्यानं इथंच उभं राहून पाणी पाहिलं असणार.

झाडांच्या फांद्यांकडेही नजर जाऊ द्यावी. डोक्याच्या बऱ्याच वर चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या, वाळलेलं शेवाळ अडकलेलं दिसतं. पुराचं पाणी तिथवर आलं होतं. कृष्णेला कराडात कोयना मिळते. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी, आणि त्याचे दरवाजे वर उचलले की इकडं पाणी झपाट्यानं चढतं. मग बेट पाण्याखाली जातं. २००५, २०१९ आणि २०२१ ही महापुराची सालं इथं कुणाला सांगावी लागत नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पूर ओसरला की चिखल उपसायचा, देऊळ धुवायचं, पुन्हा दिवा लावायचा. कृष्णाकाठच्या गावांना हे काम पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीचं आहे. म्हणूनच आपण सोबत नेलेल्या पिशव्या, द्रोण, निर्माल्य नदीत सोडून येणं मनाला फार लागतं. निदान या जागी तरी तसं होऊ नये.

बेटावर दोन-तीन तास काढले की आसपासचा मुलूख पाहावा. पहिला मान कोळे नृसिंहपूरचा. हेही कृष्णेच्याच काठावर. इथला ज्वालानृसिंह भुयारात आहे. वरच्या उन्हातून खाली उतरलं की डोळ्यांना काही काळ काहीच दिसत नाही. वाट अरुंद आणि उतरती, उंच माणसाला वाकावं लागतं. मग समईच्या उजेडात काळ्या पाषाणातली मूर्ती हळूहळू उमटू लागते: सोळा हातांचा नृसिंह, मांडीवर हिरण्यकशिपू. हातांतली आयुधं एकेक करून ओळखता येतात, पण त्याला वेळ द्यावा लागतो. वैशाखात नृसिंह जयंतीला इथं मोठा उत्सव असतो. मूर्तिकलेची आवड असणाऱ्यानं मात्र गर्दीचे दिवस टाळलेलेच बरे.

बहे-बोरगावाला आणखी एक मान आहे, आणि तो देवादिकांचा नाही. क्रांतिसिंह नाना पाटील यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा, इथला. त्यांचं गाव मात्र येडेमच्छिंद्र, मच्छिंद्रगडाच्या पायथ्याचं. १९४३ पासून त्यांच्या नेतृत्वाखाली साताऱ्यात प्रतिसरकार उभं राहिलं तेव्हा इंग्रजी अंमल गावोगाव खिळखिळा झाला. गावकऱ्यांचे तंटे गावातच मिटू लागले, सावकार-गुंडांना वचक बसला, हुंडा-मानपानाला फाटा देऊन लग्नं लागली. त्या चळवळीची भूमी हीच. भूमिगतांना ऊस, मळे आणि नदीकाठची झाडी यांनी लपवलं आणि घराघरातल्या बायकांनी भाकरी पुरवली. मच्छिंद्रगड उंचीनं बेताचा आहे. वर मच्छिंद्रनाथाचं देऊळ आणि चहूकडं पसरलेलं कृष्णाखोरं. माथ्यावर उभं राहून खाली नजर टाकली की प्रतिसरकार याच पट्ट्यात का रुजलं ते पुस्तकाहून लवकर समजतं.

वेळ उरलाच तर ताकारीवरून देवराष्ट्र्याकडं जावं. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. शेजारच्या डोंगरात सागरेश्वराचं प्राचीन देऊळ आणि त्याला लागून अभयारण्य. उघड्याबोडक्या माळावर हे रान माणसांनी उभं केलं. धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम पावणेअकरा चौरस किलोमीटर, पण हरणं, सांबरं आणि काळविटं दिसतात. शिराळा दुसऱ्या दिशेला आहे, त्याला वेगळा दिवस द्यावा. तिथल्या मारुतीच्या देवळात झरोक्यांतून येणारी सूर्यकिरणं मूर्तीवर पडतात, ती दिवस उगवताना किंवा मावळतानाच पाहायची.

जेवणाची फार चिंता नको. ज्वारीची भाकरी, मिरचीचा खर्डा आणि मळीच्या जमिनीतल्या वांग्याचं भरीत रस्त्याकडेच्या साध्या खानावळीतही मिळतं. या वांग्याची चव दुसरीकडं नाही, हे कृष्णाकाठचा माणूस अभिमानानं सांगतो आणि ते खरं आहे.

साताऱ्याकडून येणाऱ्यांनी महामार्गानं कराड ओलांडून पेठनाक्याला वळावं, तिथून ईश्वरपूर आणि पुढं बहे. रेल्वेनं येणाऱ्यांना पुणे-मिरज मार्गावरचं ताकारी स्थानक सोयीचं. दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. रामनवमी, हनुमान जयंती आणि श्रावणी सोमवारी गर्दी असते. पावसाळ्यात कोयनेचे दरवाजे उघडल्याची बातमी आली असेल तर बेत सरळ पुढं ढकलावा. काठावरच्या कुणी बेटावर जाऊ नका म्हटलं, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. पाणी किती वेळात चढतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.