गुरुजींच्या पगारासाठी जमीन

नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी होती, तेव्हाची ही गोष्ट. 1937 च्या निवडणुकीनंतर प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि शिक्षण खाते पंडित रविशंकर शुक्ल यांच्याकडे गेले. खेडोपाडी शाळा हव्या होत्या, तिजोरीत पैसा नव्हता. त्या पेचातून विद्यामंदिर योजना निघाली. गावातल्या ऐपतदाराने शाळेला जमीन द्यायची, तिच्या उत्पन्नातून गुरुजींचा पगार भागवायचा. वर्षाला सुमारे 200 रुपये देणारी जमीन पुरेशी मानली होती, कारण पगार महिना 15 रुपये धरला होता. शिक्षक तयार करायला वर्ध्यात प्रशिक्षण शाळा निघाली. एप्रिल 1938 मध्ये तिच्या आरंभाच्या वेळी गांधीजींनी तिथे भाषण केले.

योजना फार काळ टिकली नाही. ‘मंदिर’ या नावाला मुस्लिम समाजातून कडाडून विरोध झाला आणि 1939 च्या अखेरीस मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला. शिवाय एक अडचण मुळातच होती. पाऊस हुकला की पीक बुडणार आणि पिकाबरोबर पगारही. तरीही त्या योजनेतले शहाणपण मला आजही मोलाचे वाटते. शाळा उद्घाटनाच्या दिवशी उभी राहते, पण चालते ती गुरुजींच्या दरमहाच्या पगारावर, हे तिने ओळखले होते.

त्याच काळात विदर्भात दानाचा दुसरा ओघही होता. कामठीचे उद्योगपती रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने आपली संपत्ती नागपूर विद्यापीठाला दिली आणि त्यातून 1942 मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. देणगी मोठी, हेतू उत्तम. पण त्या दारापर्यंत पोचायला खेड्यातल्या मुलाने आधी मॅट्रिक व्हायला हवे होते, आणि मॅट्रिकसाठी शहरात राहायला हवे होते.

ही मधली वाट पंजाबराव देशमुखांनी ओळखली. पापळसारख्या खेड्यात वाढलेल्या आणि परदेशी शिकून आलेल्या पंजाबरावांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले. गावाकडच्या मुलांच्या राहण्याजेवणाची सोय झाली, की शिक्षणाची निम्मी लढाई जिंकली जाते. पुढे त्यांच्या शिवाजी शिक्षण संस्थेने विदर्भभर शाळा-महाविद्यालये काढली.

भामरागडच्या जंगलात हेच सूत्र पुन्हा दिसले. बाबा आमटे यांनी 1973 मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे तिथेच राहिले आणि 1976 मध्ये आश्रमशाळा निघाली. माडिया मुले तिथे राहतात, जेवतात, शिकतात. त्यांच्यातून डॉक्टर झाले, शिक्षक झाले. देणगीदार वर्षानुवर्षे पाठीशी राहिले, म्हणून एका पिढीचे शिक्षण दुसऱ्या पिढीपर्यंत पोचले.

आज नागपुरात विद्यार्थी दत्तक घेण्याची इच्छा असणारे पुष्कळ आहेत. वह्या-दप्तरांचे वाटप होते, पहिल्या वर्षाची फी भरली जाते. त्यामागचा जिव्हाळा खराच असतो. पण मूल अडते ते दुसऱ्या वर्षी, खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे थकतात तेव्हा. मुलींच्या बाबतीत तर वसतिगृहाची जागा हुकली, की शिक्षणच थांबते. म्हणून देणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: दहा मुलांना एक वर्ष देण्याऐवजी दोघांना पदवी हाती येईपर्यंत द्या, आणि त्यात फीबरोबर जेवण, भाडे आणि गावाला जाण्या-येण्याचा खर्चही धरा.