चिपवरचा चिमुकला पंखा

मी घरी ऑडिओबुकांचं संकलन करते. दोन वाक्यांमधल्या शांततेत मागून पंख्याची शीळ आली की ती पुसताना निवेदकाचा श्वासही खरवडला जातो. म्हणून मदरबोर्ड निवडताना मी त्याच्या वेगाआधी त्याचा आवाज बघते.

एएमडीच्या एक्स५७० चिपसेटचे बोर्ड जुलै २०१९मध्ये आले, तेव्हा जवळपास प्रत्येकावर एक चिमुकला पंखा होता. जुन्या मंडळींना लगेच २००५च्या सुमाराचे एनफोर्स४ बोर्ड आठवले. त्यांच्यावरचे असलेच पंखे धूळ खाऊन कर्कश व्हायचे आणि बेअरिंग झिजून बंद पडायचे. या वेळी कारण होतं पीसीआय एक्स्प्रेस ४.०. माहितीचा वेग आधीच्या दुप्पट झाला आणि चिपसेटची उष्णता सुमारे ११ वॉटवर गेली. त्याआधीच्या एक्स४७०ची साधारण निम्मी होती.

अकरा वॉट तसे फार नाहीत. अडचण जागेची आहे. चिपसेट बसतो नेमका ग्राफिक्स कार्डाखाली. वर दोनशे-तीनशे वॉटची भट्टी, आणि लांब कार्ड आडवं येत असल्यानं उंच हीटसिंक लावायची सोय नाही. मग चपटा धातू आणि त्यात पंखा.

त्याच घडणीचा १२० मिलिमीटरचा पंखा तेवढ्याच फेऱ्यांत ४० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा सत्तावीसपट हवा ढकलतो. ती तूट भरून काढायला छोट्याला पिसाट फिरावं लागतं, आणि फेऱ्या दुप्पट झाल्या की आवाज सुमारे १५ डेसिबलनं चढतो. त्यातही मोठ्या पंख्याचा आवाज वाऱ्यासारखा पसरट असतो, छोट्याचा डासासारखा टोकदार. पसरट आवाज कान विसरतो, टोकदार विसरत नाही. मायक्रोफोन तर दोन्ही विसरत नाही.

पंख्याशिवाय भागतं हे गिगाबाइटच्या एक्स५७० ऑरस एक्स्ट्रीमनं पहिल्याच वर्षी दाखवलं, पण भरपूर धातू वापरून आणि भरपूर किमतीला. २०२०च्या बी५५०नं वेगळी वाट धरली: ४.०चा वेग फक्त प्रोसेसरकडून, चिपसेट जुन्या ३.०वरच. पंखा गेला. मला सर्वांत पटलं ते २०२२च्या एक्स६७०चं. तिथे एकाऐवजी दोन चिप बोर्डावर दूर-दूर ठेवल्या. उष्णता एका जागी साचू दिली नाही तर तिच्यामागे पंखा घेऊन धावावं लागत नाही.

आता तोच प्रश्न एसएसडीपाशी आला आहे. पीसीआय एक्स्प्रेस ५.०च्या काही एसएसडी जोरात चालताना दहा वॉटच्या पुढे जातात, आणि त्यांच्यासाठी पुन्हा बोटभर पंखे विकले जात आहेत. ते घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. बोर्डासोबत येणारं जाड धातूचं झाकण लावा, थर्मल पॅडवरची प्लास्टिकची फिल्म आठवणीनं काढा आणि कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला १४० मिलिमीटरचे दोन पंखे संथ फिरू द्या.

परदेशी चाचण्यांचे आकडे वाचताना मात्र खोलीचं तापमान बघा. हीटसिंक खोलीपेक्षा ३५ अंशांनी तापत असेल, तर पंचवीस अंशांच्या प्रयोगशाळेत तो साठवर राहील. मे महिन्यात नागपूरच्या कूलर नसलेल्या, बेचाळीस अंशांच्या खोलीत सत्त्याहत्तरवर जाईल. तिथे रंगीत दिव्यांच्या झाकणापेक्षा खऱ्या, उघड्या पात्यांचा हीटसिंक असलेला बोर्ड घ्या, थोडा महाग पडला तरी.