जमिनीचा कागद व शेतकऱ्याचें भांडवल

शेतकऱ्याजवळ जमीन आहे, घर आहे, गुरेंढोरें आहेत; असें असूनहि पेरणीच्या वेळीं बियाण्याकरितां त्यास दुसऱ्याच्या दारीं कां जावें लागतें, हा प्रश्न फार जुना आहे. मालमत्ता आणि भांडवल ह्या एकच वस्तू नव्हेत, हें त्याचें एक उत्तर होय. जी मालमत्ता तारण ठेवितां येते, विकतां येते, वांटून देतां येते व जिच्याविषयीं परक्या मनुष्यासहि भरंवसा वाटतो, तीच भांडवलाच्या उपयोगी पडते. हा भरंवसा बहुतांशीं कागदानें उत्पन्न होतो. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत गेली असल्यामुळें, ह्या कागदाच्या दोन्ही बाजू शेतकरी बंधूंपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाचे अर्थशास्त्रज्ञ एर्नांदो दे सोतो ह्यांचें भांडवलाच्या रहस्याविषयींचें पुस्तक २००० सालीं प्रसिद्ध झालें व हा विचार जगभर पोंचला. त्यांच्या मंडळींनीं लिमा शहराच्या कडेला कपडे शिवण्याचा एक लहानसा कारखाना कायदेशीर रीतीनें नोंदवून पाहिला. रोज ६ तास खपून त्यास २८९ दिवस लागले, आणि खर्च १,२३१ डॉलर, म्हणजे तेथील किमान मासिक वेतनाच्या ३१ पट आला. सरकारी जागेवर घर बांधण्याची रीतसर परवानगी मिळविण्यास ६ वर्षें ११ महिने लागतात व ५२ कचेऱ्यांतून २०७ कामें उरकावीं लागतात, असें त्यांस आढळलें. मग गरीब मनुष्य कागदाच्या वाटेस जात नाहीं, ह्यांत नवल तें काय? तो घर बांधतो, त्यांत राहतो. परंतु त्या घरावर कोणतीहि पेढी त्यास पैसा देत नाहीं. अशा मालमत्तेस दे सोतो मृत भांडवल म्हणतात.

पेरू सरकारनें १९९६ सालीं ह्या कामीं स्वतंत्र संस्था स्थापिली व पुढील कांहीं वर्षांत शहरांतील वस्त्यांमध्यें मालकीचे १२ लाख कागद वांटले. परिणाम तपासले असतां खाजगी पेढ्यांचें कर्ज अपेक्षेप्रमाणें वाढल्याचें दिसलें नाहीं. मात्र घराचा ताबा राखण्यासाठीं ज्यांस घरीं अडकून पडावें लागे, तीं माणसें बाहेर अधिक तास कामास जाऊं लागलीं. अर्जेंटिना देशांत ब्यूनॉस आयरीस शहरानजीक १९८१ सालीं मोकळ्या जागेवर वसलेल्या कुटुंबांपैकीं कांहींस कागद मिळाले. कांहींस मूळ मालकांच्या दाव्यांमुळें मिळाले नाहींत. ज्यांस मिळाले त्यांनीं घरें सुधारलीं, मुलांस अधिक शिकविलें. कर्ज तेथेंहि थोडेंच वाढलें. कागदाचा पहिला लाभ निर्धास्तपणा हा होय. कर्ज हा दुसरा लाभ; तो आपोआप येत नाहीं, कारण पेढी कागदाबरोबर फेडीची ऐपतहि पाहते.

दुसरी बाजू आमच्या दख्खननें फार पूर्वीं भोगिली आहे. १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनीं मोजणी व आकारणी केली, आणि तीच पद्धत पुढें मुंबई इलाख्यांत पसरली. खातेदाराचा हक्क पक्का झाला. जमीन गहाण टाकतां व विकतां येऊं लागली. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, १८६१ ते १८६५ पर्यंत, कापसाचे भाव चढले, तेव्हां शेतकऱ्याची पत वाढली व कर्जहि वाढलें. भाव उतरतांच तीच जमीन सावकाराच्या घशांत जाऊं लागली. त्यांतच १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळें तीन तीन वर्षांनीं कर्जरोखा बदलून घेण्याची रीत पडली, व दर खेपेस व्याज मुद्दलांत मिसळूं लागलें. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें दंगा उसळला. पुणें व नगर जिल्ह्यांत लोकांनीं कर्जरोखे व हुकूमनामे हिसकावून जाळले. रागाचा मुख्य रोख कागदांवर होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. १८७९ च्या कायद्यानें रोख्याच्या मागचा हिशेब उकलून पाहण्याचा अधिकार कोर्टांस दिला. १९०१ सालीं तर परवानगीवांचून विकतां न येणारी नवीन शर्तीची जमीन देण्याचा कायदा आला, आणि त्याच्या निषेधार्थ फिरोजशहा मेहता व गोपाळ कृष्ण गोखले मुंबईच्या कौन्सिलांतून उठून गेले. विकतां येणारी जमीन पत देते व तीच हातची जाते. विकतां न येणारी जमीन टिकते, पण तिच्यावर कर्ज मिळण्यास अडचण पडते. ह्या दोहोंमधील वाट ज्याची त्यानेंच विचारानें काढिली पाहिजे.

आतां आपल्या उताऱ्याकडे वळूं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणें, वारसानें, खरेदीनें अथवा वांटणीनें हक्क प्राप्त झाल्यास तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास, म्हणजे आतांच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यास, कळवावें लागतें. कलम १५७ प्रमाणें हक्कनोंदींतील नोंद, तिच्या विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते. असें असतां पुष्कळ गांवीं मयत आजोबांचें नांव उताऱ्यावर तसेंच राहतें. नातू नांगरतो, पेरतो. परंतु पीककर्ज, नुकसानीची मदत किंवा भूसंपादनाचा मोबदला ह्यांची वेळ आली म्हणजे तो कागदोपत्रीं कोणीच नसतो. पेरूच्या शिंप्यास २८९ दिवस लागले ते कायद्याच्या गुंत्यामुळें. आपण तीन पिढ्या दवडतों त्या आळसामुळें व भाऊबंदकीच्या भयामुळें.

मुलींचा वडिलोपार्जित मिळकतींतील समान हक्क महाराष्ट्रांत १९९४ सालीं व सर्व देशांत २००५ सालीं कायद्यानें मान्य झाला. तेव्हां वारसनोंदींत विधवेचें व मुलींचें नांव वगळणें हें अन्यायाचें तर आहेच, शिवाय पुढील दाव्यास आमंत्रण आहे. बहिणीस हक्क सोडावयाचा असेल तर तिनें तो खुषीनें व नोंदणीकृत दस्तानेंच सोडावा. गांवठाणांतील घरांस सातबारा नसतो. त्यांच्यासाठीं २४ एप्रिल २०२० रोजीं केंद्र सरकारची स्वामित्व योजना निघाली असून, ड्रोननें मोजणी करून मिळकत पत्रिका दिल्या जातात. आपल्या पत्रिकेंतील नांव व क्षेत्र प्रत्येकानें पडताळून घ्यावें.

आणि कागद नीट झाल्यावर तो तारण ठेवितांना दुप्पट सावध रहावें. विहीर, पाइपलाइन, दुभतें जनावर ह्यांसाठीं काढलेलें कर्ज बहुधा स्वतःस फेडूं शकतें. लग्नाच्या मांडवासाठीं काढलेलें कर्ज शेतानेंच फेडावें लागतें. वाचल्यावांचून सही करूं नये, कोऱ्या कागदावर तर कदापि करूं नये. येत्या पेरणीपूर्वीं प्रत्येकानें आपला सातबारा, आठ-अ व फेरफार काढून घरांतील सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचावा. ज्याचें नांव त्यांत असावयास पाहिजे व नाहीं, त्याच्या नोंदीचा अर्ज त्याच आठवड्यांत द्यावा, इतकीच विनंति आहे.